दुकानामागची पेटी

चातुर्मास लागला की चार दिवस कर्जतला थोरल्या बंधूंकडे जाऊन राहावयाचे, हा माझा परिपाठ बावीस वर्षे अखंड चालू आहे. बाजारपेठेतले आमचे हार्डवेअर आणि प्लायवूडचे दुकान वडिलांनी थाटले, दादांनी वाढविले. दुकानामागे गोदाम, त्यावर घर. रात्री पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जोर देण्यासाठी कर्जत स्थानकात जोडइंजिने लावतात, त्यांचा खडखडाट ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळे आवाजाने माझी झोप मोडत नाही. पण गेल्या वर्षी पहिल्याच रात्री खालून ‘खट्, खट्’ असा कोरडा आवाज येऊ लागला. मी गोदामात उतरून पाहतो, तो पुतण्या जमिनीवर बसलेला. पुढ्यात पाण्याच्या पंपाच्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर, आणि तो त्याला पुनःपुन्हा वीज देत होता.

‘‘हे काय चालले आहे?’’ मी विचारले.

‘‘काका, पिनबॉल करतोय,’’ तो म्हणाला.

माझ्या वयाच्या वाचकांना बॅगाटेल आठवत असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणाच्या तरी घरी ती लाकडी पाटी असे. वरच्या बाजूस गोलाई, मध्ये खिळ्यांची कुंपणे, त्यांत आकडे लिहिलेली घरे. काठीने किंवा स्प्रिंगच्या दांड्याने गोळी वर ढकलावयाची आणि ती खिळ्यांवर आपटत कोणत्या घरात पडते ते श्वास रोखून पाहावयाचे. पिनबॉल हे त्याचेच थोरले भावंड. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे माँटेग्यू रेडग्रेव्ह याने १८७१ साली स्प्रिंगच्या दांड्याचे पेटंट घेतले आणि ही पाटी हळूहळू पायांवर उभी राहिली. पुढे तिला विजेचे दिवे व घंटा लागल्या, आणि १९४७ साली गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रात प्रथमच फ्लिपर आले. फ्लिपर म्हणजे बटण दाबताच चेंडूला पुन्हा वर टोलविणारे दोन लहान पंख. तोपर्यंत चेंडू सोडल्यावर खेळणाऱ्याला पाहत बसण्याखेरीज फारसे काही उरत नसे.

पुतण्या करीत होता ती या यंत्राची छायाप्रतिमा. पाटीच्या जागी आडवा निजविलेला दूरदर्शन संच, मागच्या उभ्या फळीवर दुसरा पडदा, पोटात संगणक. चेंडू केवळ चित्रातला, पण बटणे खरी, दांडा खरा, धक्काही खरा. चेंडूची गती आणि उसळी यांचे गणित करणारी ‘व्हिज्युअल पिनबॉल’ नावाची प्रणाली रँडी डेव्हिस या अमेरिकन गृहस्थाने २००० सालाच्या अखेरीस प्रसिद्ध केली. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक जुन्या यंत्रांच्या प्रतिकृती तिच्यावर घडवीत आले आहेत.

येथे घरातली गोष्ट सांगणे प्राप्त आहे. तीन वर्षांपूर्वी दादांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाणीही परत आली, उजवा हात मात्र पूर्ववत झाला नाही. पुतण्या तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षास होता. कुणी त्याला ‘ये’ म्हटले नाही. एका सोमवारी तो आपण होऊन गल्ल्यावर येऊन बसला, तो आजतागायत. तक्रारीचा शब्द नाही, परंतु बोलणेही नाही. खिळ्यांचा भाव विचारला तर खिळ्यांचा भाव सांगेल, एवढेच. वहिनी म्हणत, ‘‘भांडला असता तरी बरे वाटले असते.’’ अशा मुलाने दोन वर्षांत प्रथमच काही मागितले होते; म्हणून दादांनी चाळीस हजारांची मर्यादा घालून होकार दिला. काय करणार आहे, हे तेव्हा त्यांनी नीट विचारले नव्हते.

विचारले तेव्हा वादळ झाले. दादांनी तरुणपणी मुंबईच्या एका करमणूक केंद्रात नाणे टाकून खेळावयाची यंत्रे पाहिली होती. सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे, आणि आपल्या गोदामात त्याचेच यंत्र! पुतण्या निमूटपणे उठून गेला आणि बाजू मांडण्याचे काम माझ्यावर आले.

दादांचा संशय अगदीच निराधार नव्हता. न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी हा जुगारच आहे असे ठरवून १९४२ साली पिनबॉलवर बंदी आणली आणि जप्त केलेली यंत्रे घणाने फोडविली. ती बंदी १९७६ साली उठली. रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाने नगर परिषदेच्या सभासदांसमोर यंत्र उभे केले, दांडा ओढण्यापूर्वीच चेंडू कोणत्या वाटेने जाईल ते सांगितले, आणि तो तसाच गेला. नशिबाच्या खेळात हे साधत नाही. आपल्याकडील १८८७ चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदाही केवळ कौशल्याच्या खेळाला वगळतो. मी हे सारे वकिली थाटात सांगितले. दादांनी ऐकून घेतले आणि एकच अट घातली: नाण्याची खाच नको. पुतण्याला शोभेपुरते नाण्याचे दार बसवावयाचे होते. त्या जागी आज साधी फळी आहे, हवेसाठी भोके पाडलेली.

आता पेटीविषयी. ही कुणी करू पाहील तर पहिली चूक मापाची होईल, आणि ती आमच्याकडे झाली. मूळ यंत्राची पेटी बाहेरून बावीस इंच रुंद असते. पुतण्याने तेच माप प्रमाण मानून दोन्ही बाजू कापविल्या. अठरा मिलिमीटरच्या दोन फळ्यांची जाडी वजा जाता आत साडेवीस इंच उरले. त्रेचाळीस इंची संचाचा पडदाच एकवीस इंच उंच, चौकट धरून बावीस. संच काही केल्या आत उतरेना. आमच्याकडे पस्तीस वर्षे येणारे सुतारमामा हसून म्हणाले, ‘‘शेठ, चौकट आधी की दार आधी?’’ संच हातात आल्यावर त्याभोवती पेटी बांधावयाची, पेटी बांधून संच शोधावयाचा नाही. शिवाय ते पहिले लाकूड साधे एमआर प्रतीचे होते. कर्जतचा आषाढ त्याला सोसला नाही. गोदामाच्या ओलीने बाजूच्या फळीला पोट आले. पस्तीस वर्षे प्लायवूड विकणाऱ्याच्या घरात ही गोष्ट घडावी, याचे दादांना चुकीपेक्षा अधिक वाईट वाटले. दुसऱ्या खेपेस त्यांनी स्वतः काठी टेकीत खाली येऊन आयएस ७१० चा सागरी प्लाय काढून दिला आणि तो खरेदीच्या भावाने पुतण्याच्या नावे मांडला.

संच निवडतानाही एक मेख आहे. भिंतीवरचा संच आपण समोरून पाहतो. आडवा निजविलेला पायथ्याकडून, तिरका दिसतो. काही पडदे तिरके पाहताच फिके पडतात. म्हणून दुकानात तो जमिनीवर ठेवून, पायथ्याशी उभे राहून पाहावा. विक्रेता वेड्यात काढील, काढू द्यावा. पुतण्याने एका फार्महाउसमधून निघालेला जुना संच अकरा हजारांत घेतला, तो असाच पारखून.

तरीही पहिल्या दिवशी खेळ बेचव वाटला. बटण दाबले की फ्लिपर किंचित उशिरा हाले. क्षणाचाही अंश, पण तेवढ्यात चेंडू निसटून जाई. पुतण्या आठवडाभर संगणकात दोष शोधत बसला. दोष संचात होता. हे संच आलेले चित्र आधी सजवितात, मग दाखवितात. खेळासाठीची निराळी मांडणी त्यात असते. ती चालू करताच ही रंगरंगोटी थांबते आणि हात व डोळा यांची गाठ पडते.

विजेचे काम त्याने एकट्याने केले. कर्जतहून लोकलने दादर, तेथे गाडी बदलून ग्रँट रोड, मग चालत लॅमिंग्टन रोड. अशा सात-आठ रविवारच्या वाऱ्या. बटणे, दांडा आणि धक्का संगणकाला कळविण्याचे काम केएल-२५झेड नावाचे तळहाताएवढे मंडल करते. हलविल्याचे ओळखणारा संवेदक त्याच मंडलावर असतो. जुन्या यंत्रांत हेच काम ओळंबा करी. कड्यामधून लोंबणारा गवंड्याचा ओळंबाच म्हणा ना. यंत्र फार हलविले की तो कड्याला टेकून खेळ बंद पाडी. दादांना हे फार आवडले. आम्ही ओळंबे विकतो. दांड्याला सरकता पोटेन्शिओमीटर जोडला आहे. लग्नातल्या साउंडवाल्याच्या मिक्सरवर वरखाली सरकणाऱ्या बटणांखाली असतो तोच. दांडा जेवढा ओढावा तेवढाच चित्रातला ओढला जातो.

आणि तो ‘खट्’ आवाज! खऱ्या यंत्रात फ्लिपर विजेच्या वेटोळ्याने हालतो, त्याचा ठोका तळहाताला लागतो. चित्रातला फ्लिपर मुका. म्हणून पेटीत कॉन्टॅक्टर बसवावयाचे. बटण दाबले की ते आत ठोका देतात. भातगिरणीच्या किंवा विहिरीच्या पंपाचा कॉन्टॅक्टर आमच्या कपाटात असतोच, पण त्याचे वेटोळे २४० अथवा ४१५ व्होल्टचे. बोटाखालच्या खेळात तेवढी वीज खेळविणे धोक्याचे. येथे २४ व्होल्ट डीसीचे हवे. ते आणले, जोडले, आणि तिसऱ्याच ठोक्याला धूर निघाला. वेटोळ्याची वीज तोडताच ते क्षणभर उलट्या दिशेने मोठा दाब उसळविते आणि त्याला चालविणारा नाजूक मॉस्फेट जळतो. प्रत्येक वेटोळ्यावर उलटा डायोड बसवावा लागतो. किंमत रुपया-दोन रुपये. तो न बसविल्याने अडीच हजारांचे मंडल गेले. त्या रात्री पुतण्या वर येऊन दादांना म्हणाला, ‘‘बाबूजी, माझ्या चुकीने अडीच हजार गेले.’’ वहिनींनी मला फोनवर सांगितले की, दोन वर्षांत त्याने आपण होऊन उच्चारलेले हे सर्वांत लांब वाक्य होते. दादांनी विचारले, ‘‘चूक कळली का?’’ मग अर्धा तास तो डायोड समजावीत बसला.

आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, त्यामुळे संध्याकाळ मोठी मिळते. अकरा महिने त्या संध्याकाळी गोदामात गेल्या. पाय खोपोलीच्या फॅब्रिकेटरकडून आले, वर पाच मिलिमीटरची टफन काच बसली. एकूण खर्च ५४,४०० रुपये. चाळीस हजारांच्या वरची रक्कम पुतण्याच्या पगारातून दरमहा दोन हजारांप्रमाणे कापली जात आहे. वहीत तसे मांडलेले मी पाहिले.

यंदा मी गेलो तेव्हा पेटी गोदामाच्या कोपऱ्यात उभी होती. दादा खेळतात. दांडा यंत्राच्या उजव्या अंगास असतो, तो त्यांच्याने ओढवत नाही. म्हणून चेंडू सोडण्याचे एक बटण डावीकडे बसविले आहे. पुतण्याने आणखी एक सोय सुचविली होती: दोन्ही फ्लिपर डाव्या बटणाला जोडता येतात. दादांनी ती साफ नाकारली. ‘‘मग खेळ कसला? उजवीकडून जाईल तो जाऊ दे.’’ आणि उजवीकडून चेंडू खरोखरच जातात. मी पाहिले त्या संध्याकाळी एका डावात तिन्ही तिकडूनच गेले. पुढे पुतण्याने न सांगता उजवे बटण बदलले. आधी टक् वाजणारा स्विच होता, त्याजागी पितळी पात्यांचा आला. त्याला बोटाचा भार फार कमी लागतो. दादांना पहिल्याच दाबात कळले. ते काही बोलले नाहीत, बटणही बदलू दिले नाही.

आता नवा विषय निघाला आहे. चौक बाजूच्या एका फार्महाउसच्या मालकांनी प्लाय घेताना पेटी पाहिली आणि तशीच एक मागितली. इमॅजिका २०१३ साली खालापूर तालुक्यात आल्यापासून या भागात करमणुकीवर खर्च करणारी गिऱ्हाइके दिसू लागली आहेत, हे खरे. पण प्रश्न असा की, त्या प्रतिकृती करणाऱ्या पुष्कळांनी त्या विनामूल्य दिल्या आहेत त्या विकू नयेत या अटीवर, आणि त्यांवरची चित्रे मूळ कंपन्यांची. खेळ भरून पेटी विकली तर दुसऱ्याचा माल आपल्या नावावर विकल्यासारखे होईल. तिघांनी बसून ठरविले की पेटी रिकामी द्यावयाची. लाकूड, वायरिंग, बटणे, मंडल एवढ्याचाच दाम. खेळ गिऱ्हाइकाने स्वतः घ्यावेत. मालक जरा नाराज झाले, पण मागणी कायम ठेवली.

मी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पुतण्याने अंदाजपत्रक दादांपुढे ठेवले. प्लाय, काच, पाय, कॉन्टॅक्टर, डायोडसुद्धा नगावारी. दादांनी दोनदा वाचले.

‘‘यात मजुरी कुठे आहे?’’

‘‘ती तर माझीच ना, बाबूजी.’’

‘‘मग लिहिली का नाहीस?’’

पुतण्या गप्प राहिला. दादांनी डाव्या हातात पेन घेतले आणि बेरजेच्या रेघेवर, वाकड्या अक्षरात, अकरा हजारांचा आकडा घातला. पेटी दिवाळीपूर्वी द्यावयाची आहे. सुतारमामांना संच आधी मागवा म्हणून निरोप गेला आहे.