दोष डांबराचा की काळ्या मातीचा?

पावसाळा सरत आला की खड्ड्यांची ओरड सुरू होते. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात आणि सारा राग डांबरावर व कंत्राटदारावर निघतो. तो राग अनाठायी आहे, असे कोण म्हणेल? परंतु विदर्भ-मराठवाड्यातील रस्त्यांची चर्चा ऐकताना मला एक प्रश्न नेहमी राहून गेलेला दिसतो. डांबराच्या खाली काय आहे?

जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जात, काळी आणि पांढरी. काळीत पेरायचे, पांढरीत राहायचे. काळीत घर बांधले तर भिंती तडकतात, हे कळायला शेतकऱ्याला प्रयोगशाळा लागली नाही. घराला जागा निवडता येते. रस्त्याला ती सोय नाही, त्याला काळी ओलांडूनच जावे लागते.

दख्खनच्या बसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, उन्हाळ्यात सुकली की आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल धरून ठेवणारी ही माती कापसाला वरदान आहे. तिचा तोच गुण रस्त्याच्या मुळावर येतो. मातीची ताकद अभियंते 'सीबीआर' चाचणीने मोजतात. चार दिवस पाण्यात भिजवलेल्या नमुन्यात दट्ट्या दाबतात आणि त्याला लागलेला जोर प्रमाणित खडीच्या तुलनेत टक्क्यांत मांडतात. काळ्या मातीचा हा आकडा पुष्कळदा दोन-तीन टक्क्यांतच अडकतो. अशा पायावर कापसाने भरलेला ट्रक गेला की वरचे डांबर कितीही चांगले असो, ते दबते, तडकते. तडकीतून पाणी झिरपते आणि मग खड्डा पडायला वेळ लागत नाही.

यावर आपल्याकडचा रूढ उपाय म्हणजे मुरूम. काळी माती खणून काढायची, मुरूम भरायचा. उपाय चांगला आहे, पण मुरूम जवळ असेल तर! काळ्या मातीच्या सलग पट्ट्यात तो लांबून आणावा लागतो. वाहतुकीचा खर्च वाढतो, टेकड्या पोखरल्या जातात, आणि खर्च भागवण्यासाठी थराची जाडी चोरली जाते.

दुसरा उपाय आहे तीच माती सुधारण्याचा. कोरड्या मातीच्या वजनाच्या साधारण तीन ते सहा टक्के चुना तिच्यात नीट मिसळला, तर चुन्यातील कॅल्शियम कणांना चिकटते, मातीचा चिकटपणा जातो, फुगणे कमी होते. पुढे काही आठवड्यांत मातीतील सिलिका व ॲल्युमिनाशी चुन्याचा संयोग होऊन सिमेंटसारखी पकड येते. चुन्याच्या जोडीला औष्णिक वीज केंद्रांतील राखही वापरता येते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, भुसावळ ही केंद्रे या काळ्या मातीच्या मुलखातच किंवा त्याच्या आसपास आहेत, हा योग दुर्लक्षिण्यासारखा नाही. रस्त्याकडेच्या चरांतून पाण्याचा निचरा मात्र हवाच. पाणी तुंबले तर चुन्याचेही काही चालत नाही.

मग हे सर्रास का होत नाही? ज्ञानाचा तुटवडा म्हणावा, तर तसे नाही. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या समितीच्या शिफारशींतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस जन्मली आणि चुना-मातीच्या कामाची तिची मानके उपलब्ध आहेत. अडचण निराळी आहे. हे काम सावकाशीचे आहे. ढेकळे फोडावी लागतात, ओल नेमकी राखावी लागते, रोलर फिरवल्यावर थर पिकू द्यावा लागतो. आपल्याकडे निधी संपवण्याची घाई मार्चमध्ये होते. शिवाय गाडलेला चुना उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही, काळेभोर डांबर दिसते.

जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. त्याचे कौतुक जरूर करावे. पण बाळंतिणीला दवाखान्यात आणि पोरांना शाळेत नेणारा रस्ता गावाचा असतो. तो चिखलात बुडाला, तर महामार्ग कितीही वेगवान असून काय उपयोग? सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात देशभर ६२,५०० किलोमीटर रस्त्यांना मंजुरी दिली. यातले जे रस्ते काळीतून जातील, त्यांच्या अंदाजपत्रकात माती सुधारण्याचा खर्च वेगळा दाखवावा आणि डांबर पडण्यापूर्वी खालच्या थराची चाचणी ग्रामसभेपुढे ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे. पाया दाखवल्याशिवाय घराचे पैसे आपण गवंड्याला देत नाही. रस्त्याच्या बाबतीतच आपण इतके उदार का व्हावे?