नाही म्हणता येतं का?

14 सप्टेंबर 2025, रविवार. आटगावला आमच्या गटाची बैठक होती. विषय रेशनचा होता, पण त्या दिवशी रेशनवर कोणाचं लक्ष लागेना. रात्री दुबईत भारत-पाकिस्तान क्रिकेटचा सामना होता. पोरांनी सकाळपासूनच टीव्हीची जागा धरून ठेवली होती. एकीने येताना वर्तमानपत्र आणलं होतं. त्यातली बातमी तिने मोठ्याने वाचली. पहलगामला बायकांचं कुंकू पुसलं गेलं असताना पाकिस्तानशी खेळता कसे, असं विचारत शिवसेनेच्या ठाकरे गटाने ‘माझं कुंकू, माझा देश’ असं आंदोलन पुकारलं होतं. महिला कार्यकर्त्या घराघरातून कुंकू गोळा करून पंतप्रधानांना पाठवणार होत्या.

वाचून झाल्यावर मागे बसलेली एक बाई म्हणाली, “माझ्या घरात तर डबीच नाय. मी काय पाठवू?”

तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. कोणी हसलं नाही. मला मात्र त्या एका वाक्याने पुढे बरेच दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. बायकांच्या दुःखासाठी म्हणून जे आंदोलन होतं, त्यात नवरा गेलेल्या बाईला द्यायला काहीच नव्हतं. ज्या खुणेच्या नावाने सगळा देश पेटला होता, ती खूण तिच्या कपाळावरून आपणच पुसली होती.

मैत्रिणींनो, पहलगामचं दुःख आपल्यापासून दूरचं नाही. 22 एप्रिल 2025 रोजी तिथे 26 माणसं मारली गेली. त्यातले सहा जण महाराष्ट्रातले आणि त्या सहातले तिघे डोंबिवलीचे, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यातले. आपल्या आदिवासी बाया पावसाळ्यात रानभाज्यांचे भारे घेऊन कसारा लोकलने कल्याण-डोंबिवलीला उतरतात. त्या गावातली ही माणसं. डोंबिवलीच्या भागशाळा मैदानात त्यांचं अंत्यदर्शन झालं. जिथे एरवी पोरं खेळतात तिथे शेकडो लोक रडत उभे होते. तिथे कोणी कोणाला कोणतीही खूण लावायला सांगितलं नव्हतं.

पुढे 7 मे रोजी झालेल्या लष्करी कारवाईला ‘ऑपरेशन सिंदूर’ असं नाव दिलं गेलं. सप्टेंबरमध्ये आशिया चषकात भारतीय खेळाडूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन केलं नाही. कर्णधार सूर्यकुमार यादवने विजय सैन्याला अर्पण केला, त्याबद्दल त्याला मानधनाच्या 30 टक्के दंड झाला. पाकिस्तानच्या हारिस रौफने मैदानात विमान पाडल्याचे हावभाव केले, त्यालाही तेवढाच दंड झाला. 28 सप्टेंबरला भारताने अंतिम सामना जिंकला तेव्हा स्वतः पंतप्रधानांनी त्या विजयाला खेळाच्या मैदानावरचं ऑपरेशन सिंदूर म्हटलं. म्हणजे कपाळावरचं कुंकू आधी युद्धाचं नाव झालं, मग क्रिकेटच्या निकालाचं. विरोधी पक्षाने त्याच कुंकवाच्या पुड्या बांधल्या. भांडण दोघांचं, कुंकू मात्र बायकांचं.

“खेळात राजकारण आणू नका,” असं मी म्हणणार नाही. ते म्हणणं सोपं आहे आणि खोटंही. 1991 साली वानखेडेची खेळपट्टी शिवसैनिकांनी खणली तेव्हापासून आपण पाहतो आहोत की आपल्याकडे मैदान आणि राजकारण वेगळे नाहीत. आणि सगळंच राजकारण वाईटही नसतं. 2003 च्या विश्वचषकात झिम्बाब्वेच्या हेन्री ओलोंगा आणि अँडी फ्लॉवर या दोघांनी, एक काळा आणि एक गोरा, दंडावर काळी फीत बांधली. आपल्या देशात लोकशाही मरते आहे याचा शोक म्हणून. सत्तेच्या विरोधात, स्वतःच्या मनाने, परिणाम भोगायची तयारी ठेवून त्यांनी ते केलं. तेही राजकारणच होतं.

मग फरक कुठे आहे? मला वाटतं तो एका प्रश्नात आहे. ती खूण नाकारता येते का? नाही म्हणणाऱ्याला सुखाने जगता येतं का?

इंग्लंडमधलं एक उदाहरण सांगते. तिथे पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी नोव्हेंबरात लोक छातीवर पॉपीचं लाल कागदी फूल लावतात. ही चाल सुरू करण्यात मोठा वाटा होता दोन बायकांचा, अमेरिकेतली शिक्षिका मोइना मायकेल आणि फ्रान्समधली अ‍ॅना गेराँ यांचा. फुलं विकून युद्धात होरपळलेल्यांना मदत करायची, असा साधा हेतू. 1933 साली तिथल्या सहकारी चळवळीतल्या बायकांच्या संघटनेने पांढरं फूल काढलं. त्यातल्या कितीतरी जणींचे नवरे, भाऊ, मुलगे युद्धात गेले होते. त्यांचं म्हणणं होतं, आठवण सगळ्याच मेलेल्यांची ठेवू आणि पुन्हा युद्ध नको हेही सांगू. त्यांची हेटाळणी झाली. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांनाच शोक कसा करायचा हे शिकवलं गेलं.

पुढे हे लाल फूल फुटबॉलच्या मैदानावर आलं. खेळाडूंच्या सदऱ्यावर ते शिवलं जाऊ लागलं. जेम्स मॅक्लीन हा खेळाडू उत्तर आयर्लंडमधल्या डेरी गावचा. 30 जानेवारी 1972 रोजी त्या गावात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या आणि त्याच दिवशी 13 जण मेले. ते लाल फूल सगळ्याच युद्धांतल्या ब्रिटिश सैनिकांसाठी असतं, म्हणून 2012 पासून त्याने ते लावायला नकार दिला. दोन महायुद्धांत मेलेल्यांपुरतंच ते असतं तर मी लावलं असतं, असंही त्याने लिहून सांगितलं. तरी वर्षानुवर्षे त्याला मैदानात शिव्या आणि बाहेर ठार मारण्याच्या धमक्या मिळाल्या. 2016 मध्ये फुटबॉलच्या जागतिक संघटनेने या फुलाला राजकीय खूण ठरवून इंग्लंड-स्कॉटलंडसह चार संघांना दंड केला. 2017 मध्ये नियमच बदलला. नियम काहीही असो, न लावणाऱ्याची सुटका झाली नाही.

आपल्याकडे काय झालं? 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामात केंद्रीय राखीव दलाचे 40 जवान मारले गेले, त्यात दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले होते. त्यानंतर रांचीच्या सामन्यात भारतीय संघाने लष्करी टोप्या घातल्या. तारीख होती 8 मार्च! आपण त्या दिवशी गावोगाव हिंसेविरुद्ध बोलत होतो आणि टीव्हीवर लष्करी टोप्या दिसत होत्या. खेळाडूंनी सामन्याचं मानधन संरक्षण निधीला दिलं, ते चांगलंच केलं. पण त्या दिवशी एखाद्या खेळाडूने म्हटलं असतं, “पैसे देतो, टोपी नाही घालत,” तर त्याचं काय झालं असतं? आणि राखीव दलातले लोक जुन्या पेन्शनची मागणी करत आले आहेत, ती टोपीच्या बातमीत कुठे होती? टोपी घालून झाली की त्या घरांचं आपण काही देणं लागतो हे विसरता येतं.

त्या टोप्यांना क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने परवानगी दिली होती. डिसेंबर 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाने बुटांवर ‘सगळ्यांचे जीव सारखे’ अशा अर्थाचं वाक्य लिहिलं. गाझात मुलं मरत होती. ते त्याला घालू दिलं नाही. मग त्याने काळी फीत बांधली, तर त्याला समज दिली गेली. म्हणजे ज्या शोकामागे मोठं मंडळ उभं आहे तो शोक चालतो, एकट्या माणसाचा शोक मात्र नियमाविरुद्ध ठरतो.

हे सगळं आपल्याला, बायकांना, नवीन वाटायला नको. आपण जन्मभर खुणा घालून हिंडतो. लग्न झालं की कुंकू, मंगळसूत्र, जोडवी ‘नको’ म्हणता येत नाही. नवरा गेला की ‘हवं’ म्हणता येत नाही. आठवण कोणाची, शोक कोणाचा, आणि ठरवतं कोण? सासर, जात, गाव. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद केलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. किती गावांनी केलं, ते आपापल्या गावात डोळे उघडून पाहा. आमच्याकडे ठाकूर-कातकरी वस्त्यांवर पाट लावायची रीत जुनी आहे, बाई पुन्हा उभी राहते. पण हळदीकुंकवाचे कार्यक्रम रस्त्याच्या गावांतून वस्त्यांवर पोचले, तशी तिथेही सवाष्ण आणि विधवा अशी रांग लागायला लागली.

कुंकू ही सगळ्या बायकांची खूण नाही. ती नवरा जिवंत असलेल्या हिंदू बाईची खूण आहे. ती देशाची खूण केली की विधवा, एकटी, टाकलेली, मुसलमान, ख्रिश्चन, बौद्ध बाई देशाच्या बाहेर उभी राहते. पहलगाममध्ये पर्यटकांना वाचवताना जीव गेलेला घोडेवाला काश्मिरी मुसलमान होता. त्याच्या घरच्या बायकांचं दुःख कोणत्या डबीत मावणार?

आणि जिचं कुंकू खरोखर पुसलं गेलं तिचं आपण ऐकलं का? पहलगामला मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या तरुण पत्नीने न्याय मागितला, आणि मुसलमान-काश्मिरींचा द्वेष करू नका असंही सांगितलं. लोकांनी तिच्यावर घाणेरडी टीका केली. दुसऱ्या एका मृताच्या पत्नीने पाकिस्तानशी सामना खेळूच नका, पाहू नका असं कळवळून सांगितलं. सामना झालाच. दोघींची मतं वेगळी, आणि असू देत. दुःखातल्या बाया एका सुरात बोलायला काही शाळेतली मुलं नाहीत. पण दोघींच्या वाट्याला एकच गोष्ट आली. त्यांचं दुःख वापरलं गेलं, शब्द ऐकले गेले नाहीत.

6 मार्च 2022 ची गोष्ट मला फार आवडते. न्यूझीलंडमध्ये महिला विश्वचषकात भारताने पाकिस्तानला हरवलं. पाकिस्तानची कर्णधार बिस्माह मारूफ सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन आली होती. सामना संपल्यावर आपल्या मुली त्या बाळाभोवती जमल्या, त्याला खेळवलं, फोटो काढले. पुलवामा होऊन तीनच वर्षं झाली होती, त्या काही ते विसरल्या नव्हत्या. 5 ऑक्टोबर 2025 ला कोलंबोत याच दोन देशांच्या मुली खेळल्या तेव्हा पुरुष संघाने पाडलेली रीत त्यांनीही पाळली, हस्तांदोलन नाही. पुढे महिनाभरात याच मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला आणि आम्ही सगळ्या आनंदाने नाचलो. तरी कोलंबोची आठवण टोचते. त्यातल्या एखादीला हात पुढे करावासा वाटला असता, तर तिला करता आला असता का?

आता आपल्या अंगणात बघू. मुरबाडच्या सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या दिवशी लोक तिथे जातात. कोणी भाषण ऐकायला जातं, कोणी नुसतं डोकं टेकवून येतं. न जाणाऱ्याला देशद्रोही म्हणत नाहीत. आठवण अशी असावी. उलट आपल्या गावागावांत उन्हाळ्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे ‘स्मृतिचषक’ होतात. गेलेल्या पोराचा फोटो बॅनरच्या कोपऱ्यात आणि पुढाऱ्यांचे फोटो मोठे. त्या पोराची आई मांडवाच्या कडेला उभी. तिला कोणी विचारलेलं नसतं की तुला हे कसं हवंय.

सुरुवात इथूनच करता येईल. गावातल्या मंडळांशी बोलू. स्पर्धा कोणाच्या आठवणीत असेल तर आधी त्या घरच्या बायकांना विचारा. दोन मिनिटं उभं राहायचं तर सगळ्याच मेलेल्यांसाठी उभं राहा. फीत, टिळा, टोपी ज्याला हवी त्याने लावावी, न लावणाऱ्याकडे बोट दाखवू नका. आणि आपल्या हळदीकुंकवात विधवा बाईला बोलावलं नसेल तर कुंकवाच्या नावाने दुसऱ्याला जाब विचारायचा आपल्याला अधिकार नाही.

आमच्या बैठकीत त्या दिवशी रेशनचा विषय शेवटी झालाच. उठताना कोणीतरी त्या बाईला म्हणालं, “डबी आणायची तर आण की.” ती म्हणाली, “आणीन, नायतर नाय आणणार. माझं मी बघंन.” तुमच्या गटात यावर काय बोलणं झालं ते जरूर लिहून कळवा.