फळ्यापर्यंतचे अंतर

संपादकीय



आपल्या संघाची ही वार्षिक स्मरणिका वाचकांच्या हाती देताना अहवाल, आभार व अभिनंदन यांना पुढील पानांवर यथोचित स्थान दिलेलेच आहे. या पानावर मात्र एका वेगळ्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. आपली मुले-मुली आता विद्यापीठांत पोहोचली आहेत. लेखी परीक्षेत ती उत्तम गुण मिळवितात. ग्रंथालयात आणि प्रयोगशाळेत ती कोठेही कमी पडत नाहीत. परंतु वर्गासमोर उभे राहून दहा मिनिटे आपला विषय मांडण्याची वेळ आली, की त्यांपैकी अनेकांच्या तोंडून शब्द फुटत नाही. हा केवळ लाजाळूपणा आहे काय?

आपल्या नावनमधील एका कुटुंबातील कन्या डब्लिनच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला शिकते. तिच्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या समाजातील विवाहपद्धतीवर निवेदन करावयाचे होते. तिने प्रथम ‘भारतीय लग्नातील रंग आणि खाद्यपदार्थ’ असा निरुपद्रवी विषय निवडला होता. चार दिवस आधी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, इंग्रजीची भीती नाही हो मला. मी इथेच वाढले. पण वर्गात आणखी दोन भारतीय आहेत. मी जातीबद्दल बोलले, तर ते माझ्याकडे बघतील, आणि मग सगळ्यांना कळेल.”

काय कळेल, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आपल्यापैकी ज्यांनी मायदेशी शिक्षण घेतले, त्यांना ते विचारण्याची गरजच नाही.

मला त्या वेळी बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग आठवला. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी बाल भीमरावाला उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले. तो उठताच वर्गात एकच गोंधळ उडाला, कारण इतर मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. त्याची सावली पडण्यापूर्वी डबे हलविण्यासाठी मुले धावली. मग त्याने फळ्यापर्यंत जाऊन ते उदाहरण सोडविले. बाकापासून फळ्यापर्यंतचे अंतर ते किती! चार-पाच पावलांचे. परंतु आपल्या समाजाला ते चालून जाण्यासाठी शतके लागली. आमच्या मुलीचा अवघडलेला कंठ हा त्याच अंतराचा अवशेष आहे. तिच्या वर्गात डबे नाहीत आणि ते हलविण्यासाठी कोणी धावणारही नाही. तरीही ते धावतील असे तिला वाटते.

या प्रसंगानंतर काही वर्षांनी तोच विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्याने भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याने आपला विषय वर्गापुढे कसा मांडावा, याचा वस्तुपाठ म्हणून हा निबंध प्रत्येक घरात वाचला गेला पाहिजे.

आरंभी बाबासाहेब श्रोत्यांना परिचित असलेल्या प्रदर्शनांचा उल्लेख करतात, आणि तेथून परक्या श्रोत्यांचा हात धरून त्यांना जातिसंस्थेच्या दालनात नेतात. त्यानंतर सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर या चौघांच्या व्याख्या ते एकेक करून तपासतात. कोणाची टवाळी नाही, कोणाची भीडही नाही. मग जातीबाहेर विवाह न करण्याची रूढी हेच जातीचे मर्म होय, असा आपला सिद्धांत ते मांडतात आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह यांचा उलगडा त्यावरून करून दाखवितात. अखेरीस ते सांगतात, की आपले मत असमर्थनीय ठरल्यास ते सोडून देण्याची आपली तयारी आहे. ज्या व्यवस्थेने त्यांना पाणीसुद्धा शिवू दिले नव्हते, तिच्याविषयी बोलताना त्यांनी स्वतःच्या जखमा दाखविल्या नाहीत. त्यांनी पुरावा दाखविला. आत्मविश्वास याचा खरा अर्थ हा आहे. मोठा आवाज किंवा परदेशी उच्चार म्हणजे आत्मविश्वास नव्हे. आपला अभ्यास पक्का आहे याची खात्री आणि चूक दाखविल्यास ती मान्य करण्याचे धैर्य, या दोन्हींच्या संयोगाने तो निर्माण होतो.

अर्थात, उत्तम बोलल्याने जग एका दिवसात बदलते असे नाही. १९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा आरंभी विद्यार्थ्यांनी त्यांना गंभीरपणे घेतले नाही. पुढे त्यांची तयारी पाहून इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यांच्या व्याख्यानांना येऊ लागले. तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यास त्यांनी हात लावण्यावर काहींनी आक्षेप घेतलाच. तरी ते बोलत राहिले. २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि त्यानंतर एका वर्षाने ‘मूकनायक’ सुरू केला. मुक्यांना वाचा देणाऱ्या या पत्राच्या संस्थापकाने आपली वाचा प्रथम विद्यापीठाच्या वर्गात घडविली होती, हे आपण विसरू नये.

आता वैद्यकाच्या दृष्टीने दोन शब्द. उभे राहताच छाती धडधडणे, तोंड कोरडे पडणे, हात थरथरणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही. ॲड्रिनॅलिन नामक स्रावाचे ते नैसर्गिक कार्य आहे. शरीर संकटाला तोंड देण्यास सज्ज होत असते, एवढाच त्याचा अर्थ. श्वास सावकाश, लांबवून सोडल्यास हृदयाची गती उतरते. आणि तोच प्रसंग पुनःपुन्हा अनुभवल्यास शरीराला त्यात संकट वाटेनासे होते. म्हणून या विकारावर गोळी शोधण्यापेक्षा सराव हेच खरे औषध. वैद्यकीय शिक्षणात रुग्णाच्या खाटेशी उभे राहून वरिष्ठांपुढे रोगाचा इतिहास सांगावा लागतो. पहिल्या वेळी माझ्या तोंडून रुग्णाचे वयदेखील धड निघाले नव्हते. विसाव्या वेळी निघाले. मधल्या एकोणीस वेळा कोणीतरी ऐकून घेतले, हेच माझे भाग्य.

त्या मुलीने अखेर विषय बदलला आणि १९१६ चा तो निबंधच निवडला. दहा मिनिटांसाठी तिने चाळीस स्लाइड तयार केल्या होत्या. त्यांतील सहाच ठेवल्या. प्रत्येक स्लाइडवर एकच मुद्दा. पाठ केलेली वाक्ये काढून टाकली. फक्त पहिले आणि शेवटचे वाक्य नक्की केले. घड्याळ लावून तीन वेळा उभे राहून बोलण्याचा सराव केला. परंतु खरी परीक्षा घेतली तिच्या आजीने. आजी मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. इंग्रजीचा गंध नाही. त्या म्हणाल्या, “मला मराठीत सांग बरं, काय सांगणार आहेस ते.” दोनदा त्यांनी तिला थांबविले, “नाही कळलं, परत सांग.” तिसऱ्या वेळी आजींना कळले आणि त्या म्हणाल्या, “म्हणजे लग्नाचं कुंपण घातलं, म्हणून जात टिकली. मग असं सरळ सांग की!” त्या क्षणी नातीलाही आपला विषय प्रथमच पूर्ण उमगला.

प्रत्यक्ष वर्गात पहिला मिनिटभर तिचा आवाज कापत होता. एका प्रश्नाचे उत्तर तिला आले नाही. तिने ते मोकळेपणाने कबूल केले आणि पुढच्या आठवड्यात पाहून सांगते म्हणाली. त्या दोन भारतीय विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारले, “हा विषय तुला का निवडावासा वाटला?” ती उत्तरली, “कारण ज्यांना या कुंपणाबाहेर ठेवले, त्या कुटुंबातून मी आले आहे.” वर्ग शांत झाला, मग पुढचा प्रश्न आला. गुण साधारणच मिळाले. परंतु ती फळ्यापर्यंत गेली.

बंधू-भगिनींनो, ज्या भूमीत आपण राहतो तिलाही मुकेपणाचा इतिहास आहे. आपल्या नावनपासून जवळच तारा टेकडी आहे. १५ ऑगस्ट १८४३ रोजी तेथे डॅनियल ओकॉनेल यांच्या सभेस लक्षावधी लोक लोटले होते, असे सांगतात. कॅथलिकांना संसदेत बसण्याचा अधिकार नाकारला जात होता, त्या काळात या वकिलाने वाणीच्या बळावर आपला समाज जागा केला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेतील भाषणात बाबासाहेबांनी याच ओकॉनेल यांचा दाखला दिला होता, आणि तो कृतज्ञतेच्या मर्यादेविषयी होता: कृतज्ञ राहावे, पण स्वत्व गहाण ठेवून नव्हे. परदेशात स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांनी हा विचार विशेष ध्यानी घ्यावा. या देशाने आपल्याला पुष्कळ दिले. परंतु ‘गप्प राहा, मान खाली घाल, काम कर’ ही शिकवण कृतज्ञतेच्या नावाखाली मुलांना देऊ नये.

येथे थोडे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. आपल्या जयंतीच्या कार्यक्रमात व्यासपीठावर कोण बोलते? आम्ही ज्येष्ठ. मुले स्वागतगीत म्हणतात, नृत्य करतात, पाण्याच्या बाटल्या वाटतात. घरी मुलाने उलट प्रश्न केला, की आपण त्याला उद्धट ठरवितो. भगवान बुद्धांनी कालामांना, केवळ परंपरा आहे किंवा गुरू सांगतात म्हणून काही स्वीकारू नका, असा उपदेश केला. त्या धम्माचे अनुयायी म्हणवून घेऊन आपण प्रश्नांना भ्यावे काय? सम्यक् वाचेची चार पथ्ये मुलांना सांगावीत, म्हणजे खोटे, चहाडी, कठोर शब्द आणि निरर्थक बडबड यांचा त्याग. पण त्यांना वाचाच दिली नाही, तर ती सम्यक् कशी होणार?

म्हणून या संपादकीयातून एक ठोस सूचना करीत आहे. येत्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमातील पहिला अर्धा तास विद्यार्थ्यांना द्यावा. तिघांनी प्रत्येकी सात मिनिटे, स्वतः अभ्यासलेल्या विषयावर, मराठीत वा इंग्रजीत बोलावे. उरलेला वेळ प्रश्नांचा. ज्येष्ठांनी त्या वेळात फक्त प्रश्न विचारावेत, भाषण करू नये. आणि उत्तर आले नाही, तर हसू नये. प्रस्तुत लेखक आपला अध्यक्षीय वेळ यासाठी आनंदाने सोडीत आहे.

बाकापासून फळ्यापर्यंतची वाट बाबासाहेबांनी आपल्यासाठी चालून मोकळी केली. आता मुलांना त्या वाटेवर उभे करून ऐकून घेण्याचे काम आपले आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!