शारदेचा गळा कुणी काढून घेतला?

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयाच्या मुलांचा ‘संगीत शारदा’ पाहिला. पत्रिकेवर ‘नवा प्रयोग’ असे ठळक छापले होते, त्यामुळे माझ्या वयाचे बरेच लोक आधीच कपाळाला आठ्या घालून बसले होते. मध्यंतरात त्यातले निम्मे घरी गेले. मी शेवटपर्यंत बसलो. मुलांचे कौतुक आहे आणि तक्रारही आहे, दोन्ही सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी कौतुक. देवलांचे हे नाटक १८९९ सालचे, पहिला प्रयोग इंदूरचा. पैशासाठी पोटची मुलगी म्हाताऱ्याला देणारा कांचनभट आजच्या मुलांना कसा दिसतो, याची मला उत्सुकता होती. त्यांनी लग्नाच्या सौद्याचा प्रवेश चक्क म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेला. चवरींच्या माळा, मिरच्यांचे ढीग, आरडाओरडा, आणि मधोमध पालथ्या टोपलीवर बसवलेली शारदा. भाव वाढत गेला तसे सभागृह आधी हसले, मग एकदम गप्प झाले. ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला माझा नमस्कार. भुजंगनाथाची भूमिका तिघांनी आळीपाळीने केली, तेही मला पटले. असे म्हातारे एकच का असतात?

आता तक्रार. सगळी पदे आधी ध्वनिमुद्रित केलेली! कीबोर्ड आणि ड्रमचा ट्रॅक, त्यावर कुणा दुसऱ्याचाच आवाज, आणि मुले खाली नुसती ओठ हलवताहेत. दोन ठिकाणी तर ट्रॅक पुढे गेला आणि ओठ मागे राहिले.

पदे कमी केली याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. रात्रभर चालणारी नाटके आता कुणाला परवडतात? आमच्या मंगेशीच्या अभिषेकीबुवांनी १९६४ साली ‘मत्स्यगंधा’त नाट्यपद आटोपशीर केलेच की, आणि तेव्हाच्या जाणत्यांनाही ते गोड लागले. चालीही खुशाल बदला. पण नटाचा गळा काढून घेऊ नका. १९७२ चे ‘घाशीराम कोतवाल’ घ्या, त्याहून धीट प्रयोग मराठीत किती झाले? त्यात ब्राह्मणांची ती माणसांची भिंत प्रेक्षकांसमोर उभी राहून स्वतः गाते, नाचते, म्हणून तर ती अंगावर येते.

‘शारदे’त तर हा प्रश्न आणखी नाजूक आहे. या मुलीला घरात बोलायची सोय नाही. बाप ठरवतो, मध्यस्थ ठरवतो. तिला मनातले सांगायला मोकळी जागा म्हणजे तिचे पद. गद्यात दबलेली पोर तिथे थोडा वेळ स्वतःची होते. तो आवाजच छताजवळच्या स्पीकरमधून आला तर टोपलीवर बसवलेल्या त्या मुलीकडे उरले काय? जिला कुणी बोलू देत नाही तिच्यावर नाटक केले आणि गाण्याच्या वेळी आपणही तिला गप्प केले. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण तसे नव्हते.

नाटक संपल्यावर मी त्या मुलाला गाठून विचारलेच. म्हणाला, “काका, गावपी मेळूंक नात.”

गोव्यात गाणारे मिळत नाहीत! अरे बाबा, ज्या मंगेशीतून दीनानाथ गेले आणि १९१८ साली बळवंत संगीत मंडळी उभी केली, ती मंगेशी काय दूर आहे? गावोगावच्या देवळांत आजही भजने होतात, तिथे गौळण म्हणणारी पोरे याच महाविद्यालयांत शिकतात. त्यांना कुणी विचारले का? की सूर जरा हलला तर लोक हसतील याचीच भीती वाटली? इतकी मोठी झेप घेणाऱ्यांनी एवढ्याला घाबरावे याचे नवल वाटते.

तेवढ्यात आतल्या खोलीतून गुणगुण ऐकू आली. शारदा झालेली मुलगी तोंडावरचा रंग पुसत तेच पद म्हणत होती. ट्रॅकपेक्षा खालच्या पट्टीत, एका ठिकाणी किंचित बेसूर. आम्ही दोघेही बोलायचे थांबलो.

त्या मुलाला मी सांगून आलो आहे, पुढच्या प्रयोगाला ट्रॅक लावणाऱ्याला सुट्टी दे. पेटीवाला आणि तबलजी मी घेऊन येतो, आणि माझे तिकीटही मीच काढीन.