सैनिक मेला की दावाही मेला?

बांधाचा दावा चालू असता बाप वारला, तर कोर्टात वारसांची नावे लागतात, दावा पुढे चालतो. अमेरिकेत लष्करी सेवेत अपंग झालेला सैनिक मेला, की त्याचे भत्त्याचे अपील बंद व्हायचे. विधवेने पहिल्या पायरीपासून अर्ज करायचा, तोही जुन्याच कागदांवर. १० ऑक्टोबर २००८ पासूनच्या मृत्यूंसाठी हे बदलले. वर्षाच्या आत अर्ज केल्यास ती नवऱ्याच्या जागी उभी राहते, नवा पुरावाही देते.

पण आई हयात नाही आणि मुलगा कमावता, तर? त्याने केलेला दवाखान्याचा, मर्तिकाचा खर्च तेवढा मिळतो. बाकीची थकबाकी सरकारच्या घशात! फाईल दाबून ठेवायची, तोवर पोर मोठे होते, मग म्हणायचे, तू हक्कदार नाहीस. थकबाकी बापाची आहे, पोराचे वय कसले मोजता?