संकटकाळी संगीत कशाला?

परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातून पहिली गच्छंती होते ती संगीताच्या तासाची. संगीत ही फुरसतीची चैन आहे, असा समज त्यामागे असतो. तो मला मान्य नाही. आणि माझी साक्ष आहे प्रख्यात इंग्रज पियानोवादिका मायरा हेस (१८९०–१९६५) यांची.

१९३९ साली महायुद्ध भडकले आणि लंडनमधील संगीतगृहे बंद झाली. हेसबाईंनी अमेरिकेचा ठरलेला दौरा रद्द केला. चित्रे सुरक्षित स्थळी हलविल्यामुळे नॅशनल गॅलरीची दालने ओकीबोकी झाली होती. तेथे त्यांनी मध्यान्हीच्या सुटीत मैफली सुरू केल्या. प्रवेशमूल्य अवघे एक शिलिंग! बाँबवर्षाव होऊ लागला तेव्हा मैफल तळघरात भरे. साडेसहा वर्षांत १,६९८ मैफली झाल्या. विशेष हे की, जर्मनीशी युद्ध चालू असताही तेथे बाख, बेथोव्हन या जर्मन रचनाकारांची संगीतकृती आदराने ऐकली जाई. कलेला त्यांनी शत्रू मानले नाही.

बाँब पडत असता लंडनकरांनी जे सोडले नाही, ते प्रश्नपत्रिकेच्या भयाने आपण का सोडावे? विद्यार्थिमित्रांनो, अभ्यासात कसूर नको. पण संगीताच्या खोलीला कुलूपही लागू देऊ नका.