स्कार्लेट आणि बिननावाची मॅमी

इंग्रजी कादंबऱ्यांतील नायिकांची नावे आपल्याला पाठ असतात. पण ती आली कोठून, हे आपण क्वचितच विचारतो. 'स्कार्लेट' हेच घ्या. शब्दकोशात अर्थ मिळतो 'लालभडक'. परंतु मध्ययुगीन युरोपात स्कार्लेट हे एका उंची लोकरी कापडाचे नाव होते. ते बहुधा ओक झाडांवरील किड्यांपासून काढलेल्या किरमिजी रंगात रंगवीत. पुढे कापडाचे नाव रंगाला चिकटले आणि असे कापड रंगविणाऱ्या वा विकणाऱ्याला इंग्लंडात ते आडनाव म्हणून पडले. आपल्याकडच्या 'रंगारी'सारखेच!

असे हे धंद्यावरून आलेले आडनाव मुलीचे नाव म्हणून गाजले, ते मार्गारेट मिचेल यांच्या १९३६ सालच्या 'गॉन विथ द विंड' या कादंबरीमुळे. १९३९ च्या चित्रपटात दार्जिलिंगला जन्मलेल्या व्हिव्हियन लीने ही भूमिका केली. आज अमेरिकेत व इंग्लंडात कित्येक मुलींचे नाव स्कार्लेट असते.

पण याच कादंबरीत स्कार्लेटला लहानाची मोठी करणारी एक गुलाम स्त्री आहे. तिला सारे 'मॅमी' म्हणतात. तिचे स्वतःचे नाव कादंबरीभर कोठेही येत नाही.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. पण लेखिकेने नायिकेचे नाव आधी पॅन्सी ठेवले होते व प्रसिद्धीपूर्वी बदलून स्कार्लेट केले. एका नावावर एवढा विचार झाला, दुसऱ्यावर मुळीच नाही! मॅमीची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनिएलला १९४० साली ऑस्कर मिळाले. ते मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. तरी त्या समारंभात तिला वेगळ्या टेबलावर बसविले होते. मॅमीला 'रूथ' हे नाव मिळाले ते २०१४ साली, दुसऱ्या लेखकाच्या पूर्वकथेत.

हे मला परके वाटत नाही. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. माझ्या आजीला गावात कोणी तिच्या नावाने हाक मारल्याचे मी ऐकलेले नाही. ती सदैव अमक्याची आई.

मित्रमैत्रिणींनो, परीक्षेत नायिकेचे स्वभावचित्र आपण लिहूच. पण तिची वेणी घालणारीचे नाव काय होते, हा प्रश्नही वर्गात विचारू या. प्राध्यापक रागावणार नाहीत, अशी आशा आहे.